भरलेली कणगी : खारेपाटातील हिवाळा आणि स्वयंपूर्णतेचे वाङ्मयीन रूप

मराठी ग्रामीण साहित्याची चर्चा बोली, अनुभवाची अस्सलता, जातिव्यवस्था, नागर-अनागर ताण अशा अनेक अंगांनी झाली आहे. आनंद यादव यांच्या ‘ग्रामीण साहित्य : स्वरूप आणि समस्या’ (१९७९) या ग्रंथापासून देशीयतेच्या वादापर्यंतचा प्रवास पाहिला, तर खेडे हे स्थळ म्हणून किती बारकाईने तपासले गेले ते लक्षात येते. काळाच्या बाबतीत मात्र ही समीक्षा काहीशी उदासीन राहिली. काळ म्हणजे तिला इतिहास वाटला : स्वातंत्र्यपूर्व, स्वातंत्र्योत्तर, सहकारानंतरचा. शेतकऱ्याच्या जगण्याला प्रत्यक्ष आकार देणारा काळ वर्षाच्या आतला असतो. तो पेरणी, लावणी, कापणी, झोडणी यांनी मोजला जातो, आणि तो कथनाच्या रचनेत कसा उतरतो हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. ऋतू हे निसर्गचित्रणाचे एक उपांग, एवढीच त्याची नोंद झाली.

ही उदासीनता एका विशिष्ट ऋतूच्या बाबतीत अधिक जाणवते. मराठी ग्रामीण कादंबरी आणि कविता ही प्राधान्याने पावसाची आहे. पावसाची वाट पाहण्याची, तो न येण्याची किंवा नको तेव्हा येण्याची. र. वा. दिघे यांच्या ‘पाणकळा’ आणि ‘पड रे पाण्या’ या कादंबऱ्यांची नावेच पुरेशी बोलकी आहेत. ना. धों. महानोर यांच्या ‘रानातल्या कविता’ (१९६७) ज्या ओलाव्याने भारलेल्या आहेत तो पावसाळी रानाचा आहे. यामागील कारण उघड आहे. कोरडवाहू प्रदेशात वर्षाचे भवितव्य चार महिन्यांत ठरते, आणि जेथे भवितव्य ठरते तेथे नाट्य असते. हिवाळ्यात काही ठरत नाही. जे ठरले आहे ते घरात येते. कथानकाच्या दृष्टीने हा काळ निर्जीव, म्हणून कादंबरीकार तो दोन वाक्यांत ओलांडून पुढे जातो. दिघे यांच्याच ‘सराई’ या नावाने या दुर्लक्षित काळाला शीर्षकात जागा दिली, हा अपवाद मुद्दाम नोंदवावा असा आहे. आणि दिघे यांचे लेखन रायगड जिल्ह्यातील खोपोलीच्या परिसरात, म्हणजे भातशेतीच्या मुलखात झाले, हा केवळ योगायोग मानण्याचे कारण नाही.

भातशेतीच्या आणि विशेषतः खारेपाटाच्या मुलखात हिवाळ्याला वेगळा अर्थ आहे. ठाण्याच्या खाडीपासून पनवेल, उरण, पेण, अलिबागपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात समुद्राच्या भरतीला बांध घालून जमीन मिळविलेली असते. आज जेथे नवी मुंबई उभी आहे तो भूभाग याच पट्ट्याचा उत्तरेकडील भाग होय. या जमिनीत खारटपणा सोसणारे ‘राता’सारखे तांबड्या तांदळाचे भात पिकत असे. दिवाळीच्या आगेमागे कापणी होई, खळ्यावर झोडणी होई, आणि बांबूच्या विणलेल्या, शेणाने सारवलेल्या कणगीत भात भरले जाई. पेंढा गुरांना आणि शाकारणीला, तूस चुलीला, कोंडा कोंबड्यांना आणि अडचणीच्या दिवसांत माणसांनाही. ज्या थोड्या जमिनीत ओल टिकून राहते तेथे वाल, चवळी, मूग टोचले जात. खाडीत आणि खाजणात पाग टाकून मासळी मिळे, चिंबोऱ्या मिळत, उन्हात जवळा वाळे. शेतातल्या तळ्यात वाढविलेला जिताडा ही तर या मुलखातील घरांची मिरवण्याची गोष्ट. पौष-माघात वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून, पाण्याचा थेंबही न वापरता, जाळात पोपटी लावली जाई. याच सुमारास मिठागरांची जमीन तुडवून घट्ट केली जाई, उधाणाचे पाणी आत घेतले जाई आणि पुढे उन्हाळाभर मीठ पिकत राही. ‘आगरी’ हे ज्ञातिनामच ‘आगर’ या शब्दाशी जोडले जाते, हे येथे ध्यानात घ्यावे.

या चित्राकडे पाहताना एक मूलभूत फरक प्रथम स्पष्ट करावा लागतो. स्वयंपूर्ण शेतघरातील हिवाळा हे आशयसूत्र पाश्चात्त्य साहित्यात सुपरिचित आहे. तेथे हिवाळा हा वेढा असतो. बाहेर बर्फ, आत शेकोटी, तळघरात साठविलेले धान्य, खारवलेले मांस, आणि वसंतापर्यंत पुरेल की नाही याची धाकधूक. साठा हिवाळ्यासाठी केलेला असतो आणि हिवाळ्यात तो संपत जातो. खारेपाटात हे सारे उलटे आहे. येथे साठा हिवाळ्यात सुरू होतो आणि संपतो पावसाळ्यात. वेढा घालणारा ऋतू पावसाळा आहे; त्यासाठी करावयाच्या तरतुदीला ‘आगोट’ हा स्वतंत्र शब्दच या बोलीत आहे. सुकी मासळी, मीठ, लाकूडफाटा, डाळी, सारे आगोटीपूर्वी घरात यावयास हवे. श्रावण-भाद्रपदात कणगी तळाला गेलेली असते, शेतात लावणी-बेणणीची मरणाची मेहनत असते आणि पोटात कमी असते. म्हणजे पाश्चात्त्य हिवाळ्याची कथा टिकून राहण्याची, तर खारेपाटातील हिवाळ्याची कथा जमेची. तेथील हिवाळ्यावर लिहिणारा लेखक खर्चाचा हिशेब मांडतो, येथील लेखकाला जमेचा मांडावा लागतो. आणि जमेच्या हिशेबाला नाट्य नसले तरी प्रश्न असतोच : ही जमा कुणाची?

हा प्रश्न पुढे ढकलून आधी परंपरेकडे पाहणे सोयीचे ठरेल. प्राचीन वाङ्मयात हेमंत हा तृप्तीचा ऋतू आहे. वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडात लक्ष्मण हेमंताचे जे वर्णन करतो त्यात नवान्नाच्या इष्टीचा उल्लेख आहे. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’तही पिकलेल्या साळीची शेते हेमंताचे लक्षण म्हणून येतात. परंतु ही शेते पाहणारा डोळा शेतकऱ्याचा नाही. तो राजपुत्राचा किंवा नागरकाचा आहे. पिकलेली साळ ही त्याच्या दृष्टीने भूमीची शोभा आहे. शेतकऱ्याच्या बाजूने हिवाळा पाहायचा तर हालाच्या ‘गाथासप्तशती’कडेच यावे लागते. तेथे माघाच्या थंडीत अंगावरचे पांघरूण देऊन बैल घेणारा एक पामर आहे. पांघरुणाची उणीव त्याला भासत नाही, कारण घरी तरुण पत्नी आहे. गाथेची शृंगारिक खोच बहुतेक रसिकांनी टिपली. तिच्यातील अर्थव्यवहार मात्र दुर्लक्षित राहिला. बैल हवा आहे, रोकड नाही, म्हणून थंडीतले वस्त्र जाते. मराठीच्या पूर्वज भाषेतील या चित्रात हिवाळ्यातला शेतकरी ‘सारे घरचेच’ म्हणणारा नाही. तो विनिमय करणारा, एक गरज भागविण्यासाठी दुसरी सोसणारा आहे. (‘पामर’ या शब्दाचा प्रवासही विचारात घेण्याजोगा आहे. प्राकृतात शेतकऱ्याला सहजपणे लावला जाणारा हा शब्द मराठीत ‘दीन’, ‘क्षुद्र’ या अर्थावर येऊन थांबला. भाषेने केलेली ही समीक्षा समजावी.)

असे असताना स्वयंपूर्ण खेड्याची कल्पना आधुनिक मराठी मनात इतकी दृढ कशी झाली? तिचा उगम बऱ्याच अंशी वसाहतकाळातील प्रशासकीय लेखनात आहे. चार्ल्स मेटकाफने १८३० मधील आपल्या टिपणात हिंदी खेड्यांना छोट्या प्रजासत्ताकांची उपमा दिली आणि त्यांना लागणारे जवळजवळ सारे त्यांच्यातच असते असे म्हटले. ही उपमा पुढे हेन्री मेनपासून मार्क्सपर्यंत निरनिराळ्या हेतूंनी वापरली गेली आणि राष्ट्रीय चळवळीत ती आदर्श बनली. मराठीत त्रिं. ना. आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) हा या संदर्भातील प्रमुख ग्रंथ मानला जातो. गंमत अशी की पुढील अनेकांनी ‘गावगाडा’ हा शब्द उचलला तो स्वयंपूर्णतेचा पर्याय म्हणून. आत्रे यांनी मात्र त्या गाड्याचे ओझे कोणाच्या मानेवर आहे हे दाखविण्यासाठी तो वापरला होता. खळ्यावर रास पडल्यावर तिच्याभोवती किती हात पसरलेले असतात याची त्यांनी केलेली नोंद ही स्वयंपूर्णतेची स्तुती नव्हे. त्यांची बलुतेदारांविषयीची दृष्टी एकांगी आहे, हा आक्षेप योग्यच आहे. परंतु खळे हे वाटपाचे आणि म्हणून संघर्षाचे स्थळ आहे, हे त्यांनी ओळखले होते. नंतरच्या ललित लेखनात खळे सणाचे स्थळ बनले, ही पीछेहाट म्हणावी लागते.

दुर्गा भागवत यांच्या ‘ऋतुचक्र’चा (१९५६) उल्लेख या टप्प्यावर टाळता येणार नाही. महिन्यामहिन्याने पुढे सरकणारे इतके सूक्ष्म गद्य मराठीत दुसरे नाही. पण या गद्याचे लक्ष झाडे, फुले, पक्षी, आकाशाचे रंग यांवर आहे. ऋतू तेथे इंद्रियांना भेटतो, श्रमाला नव्हे. हा त्या पुस्तकाचा दोष नाही, त्याची प्रतिज्ञाच वेगळी आहे. तथापि त्याच्या प्रभावाने ऋतूविषयीचे मराठी लेखन पाहणाऱ्याचे झाले, करणाऱ्याचे झाले नाही. मर्ढेकरांची मुंबई बंदरावरील माघातली प्रभातही पाहणाऱ्याचीच आहे. त्याच बंदराच्या पलीकडच्या किनाऱ्यावर, त्याच माघात, गुडघाभर चिखलात मिठागर तुडवणारी माणसे होती. मधले अंतर काही मैलांच्या पाण्याचे. त्या पाण्याच्या अलीकडे आधुनिक मराठी कविता घडत होती, पलीकडे तिची चाहूलही नव्हती.

आता मघाचा प्रश्न. जमा कुणाची? कोकणाच्या कादंबरीने याचे उत्तर न विचारताच देऊन टाकले आहे. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’मध्ये (१९५२) खोत प्रतिपक्षात आहे, पण कथेचे केंद्र बापूच्या बंडखोर व्यक्तिमत्त्वात आहे, खळ्यावरच्या वाटपात नाही. ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) तर नावापासूनच एका घराण्याची गाथा आहे. गो. नी. दांडेकर यांच्या ‘पडघवली’त (१९५५) अंबावहिनीच्या निवेदनातून एका कोकणी गावाचा भरभराटीपासून ओसाडीपर्यंतचा काळ येतो. घरगुती जिन्नसांची, औषधी पाल्यांची, सणावारांची, माजघरातल्या रीतींची इतकी ओली आणि नेमकी भाषा अन्यत्र क्वचितच आढळते. स्वयंपूर्ण घराचे मराठीतील सर्वांत संपन्न चित्र कदाचित हेच असेल. परंतु घरात धान्य ‘येते’, या क्रियापदाकडे पाहावे. ज्या घरात धान्य येते आणि ज्या घरातून धान्य जाते, त्या दोहोंचा हिवाळा एक नसतो. ओटीवर बसून पाहिले की आवारात उतरणारी भाताची ओझी ही समृद्धीची खूण वाटते. ओझे वाहणाऱ्याला ती वजाबाकी असते. कोकणी कादंबरीचा निवेदक बहुधा ओटीवर असतो.

खारेपाटातील कूळ अर्धेलीने किंवा ठरलेल्या खंडाने जमीन कसत असे. खोत असो वा सावकार-जमीनदार, तपशील गावोगाव वेगळे असतील. पण कणगीत पडणारे भात हे मालकाचा भाग, बी-बियाणे आणि मागचे देणे फेडल्यानंतरचे असे, हे सूत्र समान होते. म्हणून मार्गशीर्षात भरलेली कणगी ही पूर्ण भरलेली कधीच नव्हती. या संदर्भात अलिबाग तालुक्यातील चरी येथील शेतकऱ्यांचा संप हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांइतकाच साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही अभ्यासावा असा आहे. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तो सुरू झाला आणि १९३९ पर्यंत चालला. संपाची तारीखच अर्थपूर्ण आहे. ती हिवाळ्याच्या उंबरठ्यावरची, भात खळ्यावर येण्याच्या वेळची आहे. कुळांनी जमीन कसण्याचेच नाकारले. सहा वर्षे या भागातील शेतकरी घरे कणगीशिवाय जगली. रानातली लाकडे, खाडीतली मासळी, मिळेल ती मजुरी यांवर. डॉ. आंबेडकरांनी संपाला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. स्वयंपूर्णतेचा खरा अर्थ या सहा वर्षांत दिसतो. कणगी भरलेली असणे म्हणजे स्वयंपूर्णता नव्हे; कणगी रिकामी ठेवण्याचा निर्णय घेता येणे आणि तो निभावता येणे, हे त्याहून मोठे स्वायत्त जीवन होते. एवढ्या मोठ्या घटनेने मराठी कादंबरीवर ठळक ठसा उमटविला नाही, ही वाङ्मयेतिहासातील पोकळी आहे.

दुसरी वजाबाकी घराच्या आतली. तांदळाच्या मुलखात धान्य भाताच्या रूपाने साठविले जाते. कणगीतले भात म्हणजे अन्न नव्हे. कणगी आणि चूल यांच्यामध्ये उखळ आहे, मुसळ आहे, सूप आहे, जाते आहे, आणि ही सारी साधने स्त्रीच्या हातात आहेत. गिरणी गावात येईपर्यंत रोजच्या भाकरीसाठी पहाटेच्या थंडीत कांडण-दळण अटळ होते. ‘आम्ही काही विकत आणत नव्हतो’ या वाक्याचा कर्ता कोण, हे त्या पहाटेकडे पाहिले की कळते. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये आणि पुढे गी पॉयतव्हँ व हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचे जे संकलन केले त्यातून हा श्रम स्वतःविषयी काय बोलतो ते ऐकता येते. ओवीतील जाते हे देव आहे, सखा आहे, माहेरच्या आठवणीचे निमित्त आहे. ते यंत्र क्वचितच आहे. लोकगीताच्या अभ्यासकांनी यात भक्तिभाव पाहिला. पण श्रमाला देव म्हणणे हा श्रम सोसण्याचा एक मार्गही असतो, आणि एकाच ओवीत हे दोन्ही अर्थ नांदू शकतात. कापणीनंतर घरात धान्य आले की लग्ने निघत, आणि आगरी समाजात लग्नविधीच्या टप्प्याटप्प्याला धवले म्हणणारी धवलारीण ही या ऋतूची खरी कवयित्री होती. विधीचे पौरोहित्य स्त्रीच्या गळ्यातून चालविणारी ही परंपरा ग्रामीण साहित्याच्या सिद्धान्तनात जवळजवळ कोठेच येत नाही. ती लोकसाहित्याच्या खात्यावर टाकून समीक्षा मोकळी झाली आहे.

तिसरी मर्यादा ‘कुटुंबाची शेती’ या कल्पनेची. खारेपाटात एका घराची शेती ही स्वतंत्र गोष्टच नव्हती. समुद्राकडचा बांध साऱ्यांचा. त्यातली उघाडी, म्हणजे ओहोटीला आतले गोडे पाणी बाहेर सोडणारे आणि भरतीला आपोआप मिटणारे दार, साऱ्यांची. बांधाला एके ठिकाणी खांड पडली की कोणाचे किती गुंठे हा विचार न करता खारे पाणी आत येते आणि त्या जमिनी काही वर्षे नापीक होतात. म्हणून पावसाळा संपला की बांधाची डागडुजी हे घरटी माणूस देऊन करावयाचे काम होते. सरकारने १९४८ च्या आणि नंतर १९७९ च्या खारजमीन कायद्याने ही जबाबदारी कमी-अधिक प्रमाणात आपल्याकडे घेतली, तेव्हा बांधाबरोबर बांधाभोवतीचे संबंधही बदलले. स्वयंपूर्ण कुटुंब ही येथे भूगोलानेच अशक्य करून टाकलेली गोष्ट आहे. आणि मीठ? मीठ तर विकण्यासाठीच असते. ते खाऊन कोणी जगत नाही. मिठागर अनेकदा दुसऱ्याचे, श्रम आगऱ्याचे, मजुरी रोख. खारेपाटातील हिवाळा या एका पिकाने बाजाराशी आणि सरकारी मीठकराशीही केव्हाचाच जोडलेला होता.

इतक्या वजाबाक्यांनंतर काय उरते, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो. रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात इंग्रजी साहित्यातील हरवलेल्या ग्रामीण सुवर्णयुगाचा माग काढताना असे दाखविले आहे की प्रत्येक पिढी ते युग आपल्या आधीच्या पिढीत ठेवते, आणि मागे मागे जात राहिले तरी ते हाती लागत नाही. हा युक्तिवाद मराठी समीक्षेत आता जवळजवळ सूत्रासारखा वापरला जातो. कोणी पूर्वीच्या भरल्या घराविषयी लिहिले की ‘स्मरणरंजन’ असा शिक्का मारून समीक्षक मोकळा होतो. नवी मुंबईच्या बाबतीत हा शिक्का अन्यायकारक आहे, आणि तो का, हे तारखांनीच सांगता येते.

खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा. कूळकायदा १९४८ चा असला तरी कसणाऱ्याला मालक मानण्याचा दिवस १ एप्रिल १९५७ हा ठरला. आणि जुळ्या शहराच्या उभारणीसाठी सिडकोची स्थापना झाली १७ मार्च १९७० रोजी; त्यानंतर ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी या प्रकल्पाच्या कक्षेत आल्या. प्रत्येक कुळाचे प्रकरण १९५७ मध्येच निकाली निघाले नाही आणि प्रत्येक शेत १९७० मध्येच गेले नाही, हे मान्य करूनही या दोन तारखांमध्ये स्थूलमानाने तेरा हिवाळे येतात. या तेरा हिवाळ्यांत खारेपाटातील लहान शेतकऱ्याच्या खळ्यावर मालकाचा भाग काढला जात नव्हता आणि शेत अद्याप त्याचे होते. पिढ्यान्‌पिढ्यांत प्रथमच कणगीत जे पडले ते घरचे होते. तेव्हा आज साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे लहानपणच्या भरल्या कणगीविषयी लिहितात, तेव्हा ती विल्यम्सच्या सरकत्या जिन्यावर उभी नसतात. त्यांच्या सुवर्णयुगाला आरंभाची आणि शेवटाची तारीख आहे. ते युग प्राचीन नाही, सनातन नाही. ते एका लढ्याने मिळविले आणि एका नियोजनाने संपविले.

हा शेवट ज्या भाषेत घडला तिचाही विचार करावा लागतो. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. मुंबईच्या कोंडमाऱ्यावर तो एक उमदा आणि बुद्धिमान तोडगा होता, यात शंका नाही. परंतु नियोजनाच्या नकाशाला स्थळ असते, ऋतू नसतो. नकाशावर खाजण, शेत, मिठागर ही ‘उपलब्ध भूमी’ असते. ती माघात काय असते आणि श्रावणात काय, हा प्रश्न तेथे उद्‌भवत नाही. बाख्तिन यांनी कादंबरीतील स्थलकालबंधांची चर्चा करताना कृषिजीवनाच्या रम्य चित्राचे वैशिष्ट्य असे सांगितले आहे की तेथे अनेक पिढ्यांचे जगणे एकाच स्थळाला बांधलेले असते आणि माणसाच्या व निसर्गाच्या घटितांना जणू एकच भाषा असते. आधुनिक कादंबरीचा एक महत्त्वाचा विषय म्हणजे या बंधाचा विध्वंस. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’त (१९९१) असा विध्वंस आहे, पण तो धरणाचा आहे. तेथे स्थळच बुडते आणि माणसे दुसरीकडे फेकली जातात. नवी मुंबईत घडले ते अधिक विचित्र आहे. बहुसंख्य गावठाणे जागच्या जागी राहिली, शेते गेली. घणसोली, कोपरखैरणे, करावे, जासई ही नावे आहेत, घरे आहेत, देवळे आहेत. दिवाळीनंतर हवा पूर्वीसारखीच गार होते. फक्त त्या गारव्याला करावयाचे काम उरलेले नाही. स्थळापासून काळ वेगळा काढला गेला. विस्थापनाची जी संकल्पना धरणग्रस्तांच्या साहित्यावरून तयार झाली ती येथे अपुरी पडते, कारण येथे माणूस हलला नाही, वर्ष हलले.

जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. त्यानंतर विकसित जमिनीचा साडेबारा टक्के भाग परत देण्याची योजना आली. तेव्हापासून या गावांच्या बोलीत ‘साडेबारा टक्के’ हा शब्द इतका रुळला की तो संख्यावाचक न राहता नाम झाला. पायली, मण, खंडी या मापांत मोजले जाणारे जगणे टक्क्यांत आणि चौरस मीटरांत मोजले जाऊ लागले. मापाचा हा बदल एखाद्या कादंबरीकाराला एका पिढीची कथा पुरवू शकला असता.

या गावांतून आज जे लेखन होते, म्हणजे आत्मकथनपर लेख, स्मरणिकांतील आठवणी, आगरी बोलीतील कविता, त्याची एक ठळक रचनात्मक खूण आहे : यादी. काय काय घरचे होते, काय काय विकत आणावे लागत नसे, याची लांबलचक मोजदाद. वाक्यांची क्रियापदे नकारार्थी असतात. नागर समीक्षकाला ही यादी कंटाळवाणी वाटते, आणि पुष्कळदा ती तशी असतेही. तांदूळ, वाल, मासळी, मीठ, तूप, भाजी असा क्रम एकदा वाचला की दहाव्यांदा वाचवत नाही. शिवाय ही यादी प्रामाणिकही नसते. त्यात रॉकेल नसते, चहा-साखर नसते, लुगडे-धोतर नसते. अर्धेली देणारे आजोबा नसतात आणि पहाटे कांडणारी आई असली तर ती केवळ वात्सल्यमूर्ती म्हणून असते. या लेखनाचे मोठे अपयश येथे आहे. चरीचा संप आणि जासईचा गोळीबार ही एकाच संघर्षाची दोन टोके आहेत. पण संप विसरून केवळ कणगी आठवली की गोळीबाराचाही अर्थ पुसट होतो. सुख निसर्गाने दिले होते आणि शहराने नेले, असे म्हटले की ते मिळविण्यासाठी लढलेली माणसे कथेतून बाहेर पडतात.

तरीही यादीला टाकाऊ मानता येणार नाही. महाकाव्यांपासून यादी हा स्मृतीचा आकृतिबंध आहे, आणि जेथे दस्तऐवज सात-बाराच्या उताऱ्यापलीकडे जात नाहीत तेथे ती पुराव्याचे काम करते. भूसंपादनाच्या नोंदीत शेताचे क्षेत्रफळ आले, दर आला. त्या शेतात भाताखेरीज वालाचे पीक निघत असे, बांधावर गवत निघत असे, तळ्यात जिताडा असे, खाजणात पोरांना निवट्या मिळत, यांतले बरेचसे कोणत्याही रकान्यात बसत नव्हते. यादी त्या रकान्याबाहेरच्या गोष्टी मांडते. ती जेव्हा माप सांगते, किती मण झाले, किती महिने पुरले, कोणत्या महिन्यात संपले, तेव्हा ती भावुकतेतून सुटते आणि तिला साक्षीचे मोल येते. ‘घर भरलेले होते’ हे वाक्य विसरण्यासारखे आहे. कणगी आषाढात तळाला जाई, हे वाक्य साहित्याचे आहे. कारण त्यात हिवाळ्यातील भरलेपण आणि त्याची मुदत दोन्ही आहेत. चांगल्या-वाईटाचा निकष लावायचा तर येथे लावावा. बोलीचा वापर हा निकष पुरेसा नाही. बोलीतही खोटे लिहिता येते.

पोपटी अजून लावली जाते. जानेवारीत हौशी मंडळी मडके, पाला आणि बाजारातून आणलेल्या शेंगा घेऊन एखाद्या फार्महाऊसवर जमतात. वालाबरोबर आता कोंबडी आणि अंडीही असतात. या रूपांतरावर टीका करणे सोपे आहे आणि फारसे फलदायी नाही. रुची ही जीवनपद्धतीहून अधिक टिकते, एवढेच त्यातून दिसते. अधिक मार्मिक विपर्यास दुसरा आहे. मुंबईचा घाऊक धान्यबाजार ज्या वाशी-तुर्भे परिसरात हलविला गेला तो याच भातपट्ट्यातला. देशभरातील तांदूळ आज येथे येतो. एकेकाळी भात पिकविणाऱ्या जमिनीवर भाताच्या गोण्या उतरतात.

आणि शहर अजूनही खारेपाटच आहे. भरतीच्या पातळीखाली असलेले त्याचे भाग कोरडे राहावेत म्हणून नियोजनकारांनी खाडीकिनारी मोठे धारण तलाव बांधले. पावसाचे पाणी त्यांत साठते. ओहोटीला झडपा उघडतात आणि ते खाडीत जाते, भरतीला पाण्याच्याच दाबाने मिटतात आणि खारे पाणी बाहेर राहते. नियोजनाच्या अहवालांत या व्यवस्थेचा आदर्श म्हणून हॉलंडचा उल्लेख येतो. या गावांतील जुन्या पिढीच्या बोलीत तशा दाराला एकच नाव आहे : उघाडी.